रास्पबेरी पाय सुरू होत नाही : कार्ड पुन्हा लिहिण्याआधी काय तपासावे

रास्पबेरी पाय या एका बोर्डावरच्या छोट्या संगणकासाठी इमेज, म्हणजे संपूर्ण ऑपरेटिंग सिस्टिम सामावलेली एक फाइल, उतरवून घेतली, मायक्रोएसडी कार्डावर लिहिली, लिहिणाऱ्या प्रोग्रॅमने काम यशस्वी झाल्याचे सांगितले, कार्ड बोर्डात घालून वीज दिली आणि पडदा काळा तो काळाच राहिला. अशा वेळी बहुतेक जण कार्ड बाहेर काढतात आणि तीच इमेज पुन्हा लिहितात. त्यानंतर बोर्ड कधी सुरू होतो, कधी होत नाही, आणि सुरू झालाच तर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तोच काळा पडदा समोर येतो. एका शाळेच्या प्रयोगशाळेतील आठ रास्पबेरी पाय माझ्या देखरेखीखाली आहेत. त्यांपैकी तीन बोर्डांनी एकाच शैक्षणिक वर्षात हा प्रकार इतक्या वेळा केला, की कोणते कार्ड कधी लिहिले याची मी वहीत नोंद ठेवू लागलो. त्या नोंदींवरून लक्षात आले की लक्षण एकच असले तरी त्यामागचे दोष सात-आठ प्रकारचे असू शकतात आणि कार्ड पुन्हा लिहिल्याने त्यांतले दोन-तीनच दूर होतात. बाकीचे नुसते झाकले जातात आणि म्हणूनच परत येतात.

म्हणून पहिला प्रश्न 'कार्ड नीट लिहिले गेले का' हा नसून 'बोर्ड कोणत्या पायरीवर अडला' हा असावा. पाय ३ आणि त्याआधीच्या बोर्डांत वीज मिळताच चिपमध्ये कायमचा कोरलेला एक लहानसा प्रोग्रॅम जागा होतो, कार्डावरचे फॅट या फाइली मांडण्याच्या पद्धतीचे पहिले पार्टिशन (कार्डाचा स्वतंत्र भाग) शोधतो आणि त्यातील 'बूटकोड डॉट बिन' ही फाइल उचलतो. ती फाइल पुढे 'स्टार्ट डॉट ईएलएफ' ला हाक मारते. हे फर्मवेअर, म्हणजे बोर्डाचा स्वतःचा मूळ प्रोग्रॅम, 'कॉन्फिग' आणि 'सीएमडीलाइन' या दोन मजकुराच्या फाइली वाचून लिनक्सचे कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, स्मृतीत आणते, आणि अखेरीस कर्नेल दुसऱ्या, ईएक्सटी४ पद्धतीच्या पार्टिशनवरची मुख्य फाइलप्रणाली जोडून घेते. जून २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ पासून साखळीचा पहिला दुवा कार्डावरून निघून बोर्डावरच्या ईईप्रॉम चिपमध्ये गेला, आणि पाय ५ मध्ये तर 'स्टार्ट' फाइलचीही गरज उरली नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की पाय ४ किंवा ५ ला कार्डाशिवाय वीज दिली, तरी पडद्यावर बूटलोडरची, म्हणजे चिपमधल्या या सुरुवातीच्या प्रोग्रॅमची, माहिती दाखवणारे पान उमटायला हवे. तेही उमटत नसेल तर कार्डाला दोष देण्यात अर्थ नाही. आधी एचडीएमआयची वायर वीज घेणाऱ्या खाचेच्या शेजारच्या एचडीएमआय खाचेत आहे ना, हे पाहावे. पाय ३ मध्ये मात्र कार्डाशिवाय काहीच दिसत नाही, त्यामुळे काळा पडदा तेथे कशाचाच पुरावा ठरत नाही.

पडद्यापेक्षा बोर्डावरचा हिरवा दिवा अधिक बोलका असतो. कार्डाशी देवघेव चालू असताना तो अनियमित लुकलुकतो. त्याऐवजी तो ठरावीक संख्येने लुकलुकून, थोडा थांबून, पुन्हा तितक्याच वेळा लुकलुकू लागला तर तो सांकेतिक निरोप समजावा. चार लुकलुकी म्हणजे 'स्टार्ट' फाइल सापडली नाही. सात म्हणजे कर्नेलची फाइल सापडली नाही. आठ म्हणजे बोर्डावरची स्मृतीच बिघडली आहे आणि त्यावर कार्डाचा कोणताही उपाय चालणार नाही. दोन लांब आणि एक आखूड लुकलुक असेल तर पार्टिशन फॅट पद्धतीचे नाही. पाय ३ वर लाल दिवा पेटलेला असून हिरवा एकदाही हलला नाही, तर कार्ड वाचलेच गेलेले नाही किंवा पहिली फाइलच तेथे नाही, असे धरून चालावे. पाय ५ वर लाल आणि हिरवा मिळून एकच दिवा आहे, झीरोवर लाल दिवा नाहीच, हे बोर्ड बदलताना लक्षात ठेवावे. इंद्रधनुष्यासारखा रंगीत चौकोन पडद्यावर येऊन तेथेच थांबत असेल तर फर्मवेअरपर्यंतचा भाग ठीक आहे आणि अडचण कर्नेलपाशी आहे. ही लुकलुक मोजायला एक मिनिटसुद्धा लागत नाही, कार्ड पुन्हा लिहिण्यात मात्र दहा-पंधरा मिनिटे सहज जातात.

विंडोजचा फॉरमॅटचा प्रश्न

विंडोज वापरणाऱ्यांच्या बाबतीत सर्वांत जास्त कार्डे इमेज लिहिताना बिघडत नाहीत. ती बिघडतात लिहून झाल्यानंतरच्या अर्ध्या मिनिटात. लिहून पूर्ण झालेल्या कार्डावर दोन पार्टिशने असतात : पहिले फॅट३२ पद्धतीचे, हल्लीच्या इमेजमध्ये ५१२ एमबीचे, आणि दुसरे ईएक्सटी४ पद्धतीचे. ही दुसरी पद्धत विंडोजला वाचता येत नाही. न वाचता येणारे पार्टिशन दिसले की विंडोज ते रिकामे समजते आणि 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का' असे विचारते. प्रश्न इतक्या अधिकाराने विचारलेला असतो की समजूतदार माणूसही होकार देऊन बसतो. होकार दिला की अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम पुसली जाते, पण पहिले पार्टिशन शाबूत राहते, त्यामुळे बोर्ड सुरू झाल्यासारखा वाटतो, इंद्रधनुष्य दिसते, अक्षरांच्या काही ओळी धावतात आणि मुख्य फाइलप्रणाली जोडता येत नाही अशा अर्थाच्या संदेशावर सगळे थांबते. रास्पबेरी पाय इमेजर हा प्रोग्रॅम काम संपताच कार्ड स्वतःहून इजेक्ट करतो, त्यामागचे एक कारण हेच. 'वायफायचे नाव घालायचे राहिले' म्हणून कार्ड पुन्हा रीडरमध्ये घातले की तोच प्रश्न परत येतो. त्याला प्रत्येक वेळी 'रद्द करा' हेच उत्तर द्यायचे, हे प्रयोगशाळेच्या फळ्यावर कायमचे लिहून ठेवण्यासारखे आहे.

याच कारणातून दुसरी घबराट जन्मते. ३२ जीबीचे कार्ड विंडोजमध्ये एकाएकी ५१२ एमबीचे दिसू लागते आणि कार्ड बिघडले असे वाटते. ते बिघडलेले नसते, विंडोजला फक्त पहिले पार्टिशन वाचता येत असते. कार्ड पुन्हा साध्या कामासाठी हवे असेल तर एसडी असोसिएशनचा स्वतःचा फॉरमॅटर वापरावा. तो पूर्ण क्षमता परत मिळवून देतो.

इमेज लिहिण्याआधी कार्ड फॉरमॅट करून घ्यावे, असा सल्ला मात्र अजूनही सर्रास दिला जातो. नूब्स या जुन्या इन्स्टॉलरच्या पद्धतीत फाइली कार्डावर नुसत्या कॉपी करायच्या असत. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डे एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली येत आणि बोर्डाला ती वाचता येत नसे, म्हणून त्या काळी हा सल्ला योग्य होता. इमेज लिहिताना मात्र पार्टिशनांच्या तक्त्यासकट सर्व काही नव्याने लिहिले जाते, त्यामुळे आधीच्या फॉरमॅटचा परिणामावर काडीचाही फरक पडत नाही.

चुकीची इमेज, चुकीचे ठिकाण

शाळांमध्ये इंटरनेटचा वेग बेताचा असतो, म्हणून एकदा उतरवलेली इमेज पेनड्राइव्हवर जपून ठेवली जाते आणि वर्षानुवर्षे वापरली जाते. जपलेली इमेज नव्या बोर्डावर चालेलच असे नाही. पाय ४ बाजारात येण्याआधी तयार झालेल्या इमेजमध्ये त्या बोर्डाचे फर्मवेअरच नसते. पाय ५ साठी ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेली ऑपरेटिंग सिस्टिमची बुकवर्म ही किंवा तिच्यानंतरची आवृत्ती लागते. उलट्या दिशेनेही हीच अडचण येते : पहिला पाय आणि मूळचा झीरो यांवर ६४ बिटांची इमेज कधीच चालत नाही, तेथे ३२ बिटांचीच घ्यावी लागते. इमेजरच्या अलीकडच्या आवृत्त्या आधी बोर्डाचे नाव विचारतात आणि त्यानुसार यादी गाळून दाखवतात. ती पायरी घाईने ओलांडू नये.

लिनक्सवर डीडी आज्ञेने इमेज लिहिणाऱ्यांच्या तीन चुका ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे एक्सझेड प्रकारात आवळलेली फाइल न उलगडता तशीच कार्डावर लिहिणे. इमेजर आणि एचर हे प्रोग्रॅम फाइल स्वतः उलगडतात, डीडी उलगडत नाही. दुसरी म्हणजे संपूर्ण कार्डाऐवजी त्यातील एका पार्टिशनवर लिहिणे. यूएसबी रीडरमधले कार्ड 'एसडीबी' नावाने दिसत असेल तर लिहायचे ते 'एसडीबी' वर, 'एसडीबी१' वर नव्हे. लॅपटॉपच्या अंगच्या खाचेत कार्डाचे नाव 'एमएमसीबीएलके०' असे असते आणि त्यापुढे 'पी१' लागले की ते पार्टिशन. तिसरी चूक म्हणजे आज्ञा संपल्याबरोबर कार्ड ओढून काढणे. आज्ञा संपली तरी काही माहिती अजून संगणकाच्या स्मृतीतच रेंगाळत असते, म्हणून आज्ञेत एफसिंकचा पर्याय द्यावा किंवा शेवटी 'सिंक' ही आज्ञा चालवून ती पूर्ण होईपर्यंत थांबावे. डीडी काहीही विचारत नाही. नाव चुकले तर ती लॅपटॉपची हार्ड डिस्कही तितक्याच शांतपणे पुसून टाकते, तेव्हा आधी जोडलेल्या डिस्कांची यादी दाखवणारी 'एलएसबीएलके' ही आज्ञा चालवून आकार पाहून घ्यावा. ३२ जीबीच्या कार्डापुढे २९ किंवा ३० च्या आसपासचा आकडा दिसला की ते कार्ड आपलेच, कारण आकार मोजण्याची पद्धत वेगळी असते.

बोर्ड सुरू झाला आहे, पण आत शिरता येत नाही, हा खरे तर वेगळा प्रश्न, पण लोक त्यालाही कार्डाचा दोष समजतात. 'पाय' हे नाव आणि 'रास्पबेरी' हा पासवर्ड एप्रिल २०२२ पासून बंद झाला आहे. जुन्या पाठ्यटिपणांत तो अजून छापलेला असतो आणि मुले तासभर तोच टंकत बसतात. नाव, पासवर्ड, वायफाय आणि एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून बोर्डात शिरण्याची सोय) हे सारे इमेजरमध्ये लिहितानाच भरावे. वायफायची 'डब्ल्यूपीए सप्लिकंट' फाइल पहिल्या पार्टिशनवर ठेवण्याची जुनी युक्ती बुकवर्मपासून चालत नाही. 'सीएमडीलाइन' फाइलमधला सगळा मजकूर एकाच ओळीत असावा लागतो. नोटपॅडमध्ये उघडून कोणी मध्येच एंटर दाबला, तर आदल्या दिवशी चाललेले कार्ड दुसऱ्या दिवशी बंद पडते.

कार्ड खोटे आहे का

माझ्या तीन बोर्डांपैकी एकाचा दोष येथे निघाला. त्याचे कार्ड प्रत्येक वेळी व्यवस्थित लिहिले जाई, पडताळणीही पार पडे, बोर्ड दोन-तीन आठवडे उत्तम चाले आणि मग एके सकाळी काही केल्या सुरू होत नसे. कार्डावर ३२ जीबी छापलेले होते, प्रत्यक्षात ते ८ जीबीचे निघाले. अशा कार्डांच्या आतला नियंत्रक संगणकाला खोटा आकार कळवतो. खऱ्या क्षमतेच्या पलीकडे लिहायला गेले की तो कुरकुर न करता लिहिल्याचे भासवतो आणि ती माहिती टाकून देतो किंवा आधीच्या माहितीवर लिहितो. ऑपरेटिंग सिस्टिमची लाइट आवृत्ती खऱ्या ८ जीबीत सहज मावते, म्हणून इमेजरची पडताळणी निर्धोक पार पडते. पहिल्यांदा सुरू होताना सिस्टिम दुसरे पार्टिशन कार्डाच्या सांगितलेल्या आकारापर्यंत ताणून घेते, आणि त्यानंतर लॉग, अद्ययावत पॅकेजे आणि मुलांच्या फाइली साठत साठत जेव्हा खऱ्या हद्दीच्या बाहेर पडतात, तेव्हा फाइलप्रणाली मोडते. कार्ड पुन्हा लिहिले की घड्याळ शून्यावर येते, दोष जागच्या जागी राहतो.

हे तपासण्यासाठी कार्ड काठोकाठ भरून परत वाचून पाहण्यावाचून दुसरा भरवशाचा मार्ग नाही. लिनक्सवर एफ३ हा संच आणि विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम नेमके हेच करतात. ३२ जीबीचे कार्ड सेकंदाला १५ एमबी या वेगाने लिहिले गेले तर केवळ लिहिण्यास ३५ मिनिटे लागतात आणि वाचण्याचा वेळ वेगळा, म्हणून हे काम तास चालू असताना करण्याचे नाही. एफ३ मधील 'एफ३प्रोब' काही मिनिटांत अंदाज देते, पण त्यात कार्डावरची माहिती पुसली जाऊ शकते. आता नवे कार्ड आले की ते बोर्डात जाण्याआधी मी ही चाचणी करतो. पाकीट सीलबंद होते, किंमत नेहमीची होती, या गोष्टींनी काही सिद्ध होत नाही, हे मला पैसे मोजून कळले.

खोट्या कार्डाचा एक चुलतभाऊ आहे, तो म्हणजे झिजून गोठलेले कार्ड. आयुष्य संपत आले की काही कार्डे आपोआप केवळ वाचण्यापुरती उरतात. त्यांवरची फाइल पुसली तर पुसल्यासारखी दिसते, कार्ड काढून पुन्हा घातले की ती फाइल जागेवर हजर. नवी इमेज लिहावी तर पडताळणीत फरक निघतो किंवा बोर्ड जुनीच सिस्टिम दाखवतो. मायक्रोएसडी कार्ड ज्यात बसवतात त्या मोठ्या अॅडॅप्टरच्या कडेचा लिहिण्यास मज्जाव करणारा खटका सरकलेला नाही एवढे पाहावे, आणि तो ठीक असेल तर त्या कार्डाचा नाद सोडावा. त्याला जिवंत करणारा कोणताही प्रोग्रॅम नाही.

वीज

उरलेल्या दोन बोर्डांचा दोष मी सर्वांत शेवटी तपासला, खरे तर तो सर्वांत आधी तपासायला हवा होता. दोन्ही बोर्ड मोबाईलच्या चार्जरवर आणि सुमारे दोन मीटर लांबीच्या बारीक वायरवर चालत होते. चार्जरवर ५ व्होल्ट, २ अँपिअर असे छापलेले होते आणि मोबाईल त्यावर बिनतक्रार चार्ज होई. बोर्डाची गोष्ट वेगळी आहे. वायरचा येण्याजाण्याचा एकूण रोध ०.२ ओहम धरला, तर २ अँपिअर प्रवाह घेताना वायरमध्येच ०.४ व्होल्ट खर्ची पडतात आणि बोर्डापर्यंत ४.६ व्होल्ट पोहोचतात. सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली दाब गेला की बोर्ड तो कमी असल्याची नोंद करतो, पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे चिन्ह दाखवतो आणि पाय ३ सारख्या बोर्डांवर लाल दिवा क्षणभर विझतो. पायसाठी मिळणारे खास अॅडॅप्टर ५ ऐवजी ५.१ व्होल्टचे असतात, ते वायरमधली ही तूट गृहीत धरूनच. पाय ३ ला २.५, पाय ४ ला ३ आणि पाय ५ ला ५ अँपिअरचा अॅडॅप्टर सुचवलेला आहे. पाय ४ च्या अगदी सुरुवातीच्या बोर्डांत यूएसबी-सी जोडणीच्या आखणीतच एक चूक होती आणि काही महागड्या, चिप असलेल्या वायरींवर तो बोर्ड वीजच घेत नसे. तेथे साधी वायर लावली की काम होते, आणि हे कोणालाही सहज सुचण्यासारखे नाही.

पडदा न लावता चालणाऱ्या बोर्डावर विजेचे चिन्ह दिसणार नाही. तेथे 'व्हीसीजेनसीएमडी' या आज्ञेला 'गेट थ्रॉटल्ड' हा शब्द जोडून चालवावा. उत्तर शून्य आले तर सुरू झाल्यापासून दाब एकदाही उतरलेला नाही. उत्तराच्या अखेरीस १ किंवा ५ असेल तर या क्षणी दाब कमी आहे. अखेरचे चार अंक शून्य असून त्याआधी ५ असेल, तर आत्ता सारे ठीक दिसत असले तरी मधल्या काळात केव्हातरी तो उतरला होता आणि त्यामुळे बोर्डाचा वेगही कमी केला गेला होता. माझ्या दोन्ही बोर्डांवर ५०००० हा आकडा आला. कॅमेरा चालू केल्यावर तो ५०००५ झाला.

दाब उतरल्याने किंवा वीज अचानक गेल्याने कार्डाचे नुकसान होते, ते केवळ त्या क्षणी लिहिल्या जाणाऱ्या फाइलीचे नसते. कार्डाच्या आतला नियंत्रक आपल्या सोयीने जुनी माहिती एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवत असतो आणि कोणती माहिती कोठे आहे याचा तक्ता अधूनमधून अद्ययावत करतो. नेमक्या त्या वेळी वीज गेली तर महिनाभरात कोणी हात न लावलेली फाइलही नाहीशी होऊ शकते. आमच्या गावात उन्हाळ्यात दुपारी वीज जाते आणि मुले तास संपला की बोर्डाचे बटण थेट भिंतीवरच बंद करतात, तेव्हा मला दोन्ही बाजूंनी बंदोबस्त करावा लागला. मुलांना बोर्ड 'शटडाउन' करून हिरवा दिवा शांत होईपर्यंत थांबायला शिकवले, आणि ज्या बोर्डांवर काही साठवायचे नसते त्यांवर 'रास्पी-कॉन्फिग' या सेटिंग बदलण्याच्या प्रोग्रॅममधून ओव्हरले फाइलप्रणाली चालू केली. ती चालू असताना सारे लेखन स्मृतीत होते, कार्डाला हात लागत नाही आणि बोर्ड पुन्हा सुरू केला की सर्व काही मूळ स्थितीत येते. पॅकेजे अद्ययावत करायची असतील तर ओव्हरले तात्पुरती बंद करावी लागते, हे विसरले तर केलेले काम दुसऱ्या दिवशी गायब झालेले आढळते. माझे एकदा झाले आहे.

वीज गेल्यामुळे बिघडलेले कार्ड लगेच पुसू नये. दुसऱ्या लिनक्स संगणकाला ते लावावे, दुसरे पार्टिशन जोडले गेले असल्यास सोडवावे आणि त्यावर फाइलप्रणाली तपासून दुरुस्त करणारे 'एफएससीके' सक्तीच्या पर्यायासह चालवावे. पाचपैकी तीन वेळा माझे काम तेवढ्यावर भागले आणि मुलांचे प्रकल्प वाचले. त्या दोन बोर्डांना योग्य अॅडॅप्टर आणि आखूड, जाड वायर दिल्यानंतर वहीत त्यांच्या नावापुढे नवी नोंद झालेली नाही, आणि जुन्या दोन वायरी मी कात्रीने मधोमध कापल्या, कारण खणात परत ठेवल्या असत्या तर पुढच्या सत्रात त्या कोणीतरी पुन्हा लावल्याच असत्या.